सूतभर

आमच्या गॅलरीचं जुनं रेलिंग कूलरनं खाल्लं. नागपूरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, इथले लोक नुसती मान डोलावतात. मार्च संपता संपता कूलर गॅलरीत चढतो, पावसाची झड लागली की उतरतो आणि मधल्या काळात बोअरचं जड पाणी त्याच्या टाकीतून थेंब थेंब गजांच्या बुडाशी मुरत राहतं. वरून रंग ताजा, खाली नुसता पापुद्रा. अकराव्या उन्हाळ्यानंतर एका सकाळी सासूबाईंनी फुलं काढताना गजाला हात टेकवला आणि तो बुडातून सुटून त्यांच्या हातात आला. खाली अकरा फुटांवर फरशी. त्या दिवशी देवपूजा दुपारी झाली.

नवीन काय लावायचं यावर घरात तीन मतं पडली. सासूबाईंना पुन्हा गजच हवे होते, फक्त यावेळी ‘दणकट’. नवऱ्याला काच हवी होती. तो चंद्रपूरकडे कोळसा खाणीत नोकरीला, आठवड्यातून दीड दिवस घरी, त्यामुळे काच पुसायचा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेलाच होता. मी पुण्याला नणंदेकडे जिन्याला स्टीलच्या आडव्या तारा पाहून आले होते. बारीक, ताठ, मधून वारा आणि उजेड दोन्ही येतो. आमच्या प्रतापनगरच्या घरासमोर जुना कडुनिंब आहे, तो बसल्या जागेवरून दिसावा एवढीच माझी हाव. शेवटी कामावर लक्ष मीच ठेवणार होते, म्हणून माझं चाललं. गॅलरी सोळा फुटांची, शिवाय आतला जिना, दोन्हीला केबल लावायचं ठरलं.

सासूबाईंनी मोबाइलवर फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “हे काय वं, कपडे वाळू घालाच्या तारा?”

आधी केबल. इतवारीत लोहाओळीत गेले तर तो नेमका डिसेंबर २०२३, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू, सीताबर्डीच्या बाजूनं मोर्चे आणि बंद रस्ते. अर्धा दिवस वाहतुकीतच गेला. दुकानदारानं समोर ठेवली ती मऊसूत वायर रोप, बोटाला गुंडाळली तर गुंडाळली जाईल अशी. “घ्या नं मॅडम, सगळे हीच नेतात.” मी नवऱ्याला फोटो पाठवला. खाणीतल्या माणसाला दोर कळतो. त्याचा लगेच फोन आला, की ही ७ × १९ आहे, कप्पीवरून फिरायला बनवलेली, हिच्यात बारीक तारांची गर्दी असते आणि ओढली की ती लांबत जाते. तुला वाकणारी नको, ताठ हवी, १ × १९ माग. म्हणजे एकोणीस तारा एकाच पिळात, शिडाच्या बोटींवर डोलकाठी ताणून धरतात तशी. ती लोहाओळीत मिळाली नाही. चार मिलिमीटर जाडीची, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची ऑनलाइन मागवावी लागली. ३१६ ग्रेड घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते त्यात मिसळलेल्या मोलिब्डेनम धातूचे जास्तीचे पैसे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यासाठी. नागपूरहून समुद्र कोणत्याही बाजूला पाचशे किलोमीटरच्या आत नाही. कूलरची जागा बदलायची, एवढंच पथ्य पाळायचं ठरवलं.

केबलपेक्षा तिच्या टोकांचे फिटिंग महाग पडतात, हे बिल हातात आल्यावर कळलं. प्रत्येक केबलला दोन टोकं. एकीकडे नुसती पकड, दुसरीकडे आट्याचा टेन्शनर, जो पान्ह्यानं फिरवला की केबल ताणली जाते. गॅलरीला बारा केबल, म्हणजे चोवीस फिटिंग, आणि जिन्याचे वेगळेच.

बाराच का? अमेरिकेच्या बांधकाम नियमात रेलिंगच्या फटीतून चार इंच व्यासाचा गोळा पलीकडे जाता कामा नये असं आहे, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. मला ते पटलं. पण केबल ही काही गज नाही, दाबली की सरकते. म्हणून चारऐवजी तीन इंचांवर एक घ्यायची आणि खांब एकमेकांपासून चार फुटांपेक्षा लांब ठेवायचे नाहीत. साडेतीन फुटांच्या उंचीतून वरच्या हँडरेलची जागा सोडून उरलेली तीन तीन इंचांत वाटली की बारा तारा येतात. चाचणीसाठी घरात चार इंचाची वस्तू शोधली तर चहापत्तीचा स्टीलचा डबा बरोबर निघाला. तो डबा पुढचं दीड वर्ष स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात फिरतोय.

फॅब्रिकेटर हिंगणा रोडवरचा, माणूस कष्टाळू, हात साफ. पण त्यानं आजवर गजांचं आणि पाइपांचंच रेलिंग केलेलं. गजांच्या रेलिंगमध्ये खांबाचं काम फक्त उभं राहायचं. त्याच हिशेबानं त्यानं दीड इंची स्टीलचे पातळ पाइप उभे केले, खाली चार इंची बेस प्लेट, दोन दोन फास्टनर. चकचकीत बफिंग. दिसायला देखणं. मलाही काही खटकलं नाही, हे कबूल करते.

जानेवारीतली सकाळ, स्वेटर घालून केबल ओवणं सुरू झालं. तोडताना पहिलाच धडा मिळाला. ग्राइंडरनं कापली तर टोक झाडूसारखं पिंजारतं आणि मग फिटिंगमध्ये शिरत नाही. कापायच्या जागी आधी टेप घट्ट गुंडाळायची आणि तिच्या मधोमध केबल कटरनं तोडायची. ही युक्ती दोन केबल वाया गेल्यावर सापडली. मग खालून सुरुवात करून एकेक ताणत वर गेलो. सातवी ताणली तोवर पहिली आणि दुसरी ढिल्या. त्या पुन्हा आवळल्या तर वरच्या ढिल्या. फॅब्रिकेटर दोन पावलं मागे सरकला, एक डोळा मिटून त्यानं शेवटच्या खांबाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, पोस्ट वाकून राह्यला जी.”

ओळंबा सोडला. खांबाचं डोकं आतल्या बाजूला पाऊण इंच आलेलं. जितकं आवळू तितका खांब केबलकडे झुकणार आणि बाकीच्या केबल सैल होणार. सापशिडीच.

रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, एका केबलला साधारण शंभर किलोचा ताण लागतो म्हणतेस, मग बारांचा किती? बाराशे किलो. एखाद्या छोट्या मोटारगाडीपेक्षा जास्त, आणि ती गाडी तू दीड इंची पाइपाला टांगलीस. मधल्या खांबांना हा ओढा लागतच नाही, केबल त्यांच्या भोकांतून नुसती पुढे जाते. सगळा भार दोन टोकांच्या खांबांवर. लोक रेलिंग बघतात तेव्हा तारा बघतात, मीही पुण्यात ताराच पाहिल्या होत्या. नणंदेकडचे टोकाचे खांब कसे होते हे मला आजही आठवत नाही.

टोकाचे दोन्ही खांब काढले. जागी पन्नास मिलिमीटरचे चौकोनी, तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे, खाली दहा मिलिमीटरची बेस प्लेट आणि चार चार एम-१२, म्हणजे बारा मिलिमीटरचे फास्टनर. शिवाय वरचा हँडरेल आधी नुसता खांबांवर ठेवून टाके मारलेला होता, तो आता पूर्ण आर्गन वेल्डिंगनं एकजीव केला. म्हणजे खांब आत येऊ पाहतील तर हँडरेल त्यांना दांड्यासारखा रेटून धरेल. यावेळी आवळायची पद्धतही बदलली. आधी मधली सहावी केबल, मग एक वरची, एक खालची, असं बाहेरच्या दिशेनं. पहिल्या फेरीत निम्माच ताण द्यायचा, दुसऱ्या फेरीत पुरा. एक फिटिंग नीट बसलेलं नव्हतं. ते ‘टण्ण’ करून सुटलं आणि केबलचं टोक माझ्या कानाजवळून गेलं. त्यानंतर चष्म्यावर चष्मा घालून काम केलं, फॅब्रिकेटरलाही घालायला लावला. पहिल्याच दिवशी घालायला हवा होता.

जिन्याबद्दल फार सांगत नाही, फक्त एक. आमच्या पायऱ्या साडेसहा इंच चढाच्या आणि दहा इंच रुंद, म्हणजे चढण साधारण ३३ अंशांची. तिथे खांबावर उभं माप तीन इंच धरलं तर तिरप्या केबलमधलं खरं अंतर अडीच इंचच भरतं, उगाच दोन केबल जास्त लागतात. साडेतीन धरलं तर जवळपास तीन येतं. आणि खांबाची भोकं तिरपी पाडावी लागतात. सरळ भोकातून तिरपी केबल काढली की ती कडेवर घासते. फॅब्रिकेटरनं आठवीच्या कंपासपेटीतला कोनमापक मागितला, तो धाकटीनं मोठ्या ऐटीत आणून दिला. जिना एका फटक्यात झाला. फक्त महिन्याभरानं खालच्या खांबांवर गंजाचे ठिपके उठले. मी घाबरले, स्टेनलेसच्या नावाखाली फसवलं की काय! नंतर कळलं, शेजारी फॅब्रिकेटरच्याच पोरांनी फाटकाचं लोखंड ग्राइंडरनं कापलं होतं, त्याच्या ठिणग्या स्टीलवर बसल्या आणि गंजल्या त्या ठिणग्या. घासून निघाल्या.

मे २०२४. नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. त्याच आठवड्यात इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवलं आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडलाय. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलंय, ते आम्हाला पुरे आहे, छप्पन्नची गरज नाही. पश्चिमेकडून येणारं दुपारचं ऊन थेट गॅलरीवर. संध्याकाळी धाकटीचा चेंडू दोन तारांमधून आरपार खाली गेला. मी डबा आणला. तोही गेला, थोडासा दाबल्यावर.

फॅब्रिकेटरला बोलावलं. भर दुपारी आला, डोक्याला दुपट्टा बांधून. केबलला हात लावला तर चटका बसला. ओल्या कपड्यानं धरून सगळ्या आवळल्या, चांगल्या टणक, छेडली की सूर लागेल अशा. मी थंडगार पन्हं दिलं, पैसे दिले, दोघंही खूश.

त्याच वर्षी डिसेंबरात पारा दहाच्या आत आला. एका पहाटे गॅलरीतून ‘कट्’ असा आवाज आला. मला वाटलं मांजर. उजेडात पाहिलं तर उत्तरेकडच्या टोकाच्या खांबाखालची टाइल तडकलेली आणि स्लॅबच्या कडेला कंगोऱ्याला केसासारखी चीर. खांब ताठ होता, पण त्याच्या खालची जमीन सोडत होती.

फॅब्रिकेटर आला, उकिडवा बसला, चिरेवरून बोट फिरवलं. मग वर पाहून, अगदी सरळ मनानं म्हणाला, “मॅडम, उन्हात लोखंड पसरते, थंडीत आकसते. हे तर तुमी पोराइले शिकवता नं?”

शिकवते. अकरावीला भौतिकशास्त्र, गेली एकोणीस वर्षं. उष्णतेनं होणारं प्रसरण, रुळांमधली फट, पुलाखालचे रोलर, हे सगळं फळ्यावर दर वर्षी काढते. माझ्याच गॅलरीत पाच पाच मीटरचे बारा रूळ, तेही ताणून बांधलेले, आणि मी त्यांना मेच्या दुपारी आवळायला लावलं होतं. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी तो दिवस मोठ्या मनानं गप्प राहून काढला.

त्या रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. केबलची लांबी पाच मीटर. ३०४ स्टील एका अंशामागे दर मीटरला ०.०१७ मिलिमीटर वाढतं. जानेवारीच्या पहाटे केबल दहा अंशांची, मेमध्ये उन्हात निदान पंचावन्नची, म्हणजे फरक पंचेचाळीस. गुणाकार ३.८ मिलिमीटर. स्लॅबही थोडा पसरतो, तो सावलीत असल्यामुळे कमी, तेवढं वजा केलं तरी तीनेक मिलिमीटर उरतात. फॅब्रिकेटरच्या भाषेत बरोबर एक सूत. इंचाचा आठवा भाग.

सूतभर म्हणजे काय मोठंसं? पण पाच मीटरच्या त्या केबलला शंभर किलोचा ताण द्यायला तिला ताणावंच लागतं जेमतेम पाचेक मिलिमीटर. त्यातले तीन उन्हानं परत दिले की निम्म्याहून जास्त ताण गेला. उलट उन्हात शंभर किलो भरून ठेवले तर थंडीत त्यावर साठेक किलोंची भर, प्रत्येक केबलला. बारा केबलचे सातशे किलो जास्तीचे, न बोलावता आलेले. त्यांनीच स्लॅबची कड फोडली. शिवाय पहिल्या वेळी फास्टनर कडेपासून दोनच इंचांवर ठोकले होते, तिथे काँक्रीट मुळातच कमजोर. फॅब्रिकेटरला कागद दाखवला. त्याला गुणाकारात रस नव्हता, पण ‘एक सूत’ वाचून तो हसला. “हे बराबर. माह्या हातालाही तेवढंच लागते.”

केबल निम्म्या सोडल्या. चीर खरडून, साफ करून भरली. टोकाच्या खांबांखाली आता इंग्रजी ‘एल’च्या आकाराचे जाड ब्रॅकेट आहेत. स्लॅबच्या वरूनही धरतात आणि बाजूच्या बीमलाही, कडेपासून लांब, केमिकल अँकरनं, म्हणजे भोकात चिकट मसाला भरून पक्क्या केलेल्या बोल्टनं. तो मसाला भरायच्या आधी भोकातली धूळ ब्रशनं आणि फुंकून पूर्ण काढायची असते, नाहीतर मसाला धुळीलाच चिकटतो. ते काम मी स्वतः केलं, सायकलच्या पंपानं. आणि आवळलं कधी, तर फेब्रुवारी २०२५ च्या एका संध्याकाळी, उन्ह उतरल्यावर, केबल हाताला ना गार ना गरम लागत असताना. थंडीला थोडी जागा, उन्हाळ्याला थोडी. शंभरला नव्वद मानले. पान्ह्याच्या किती आट्या दिल्या ते प्रत्येक केबलपुढे त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

एक गोष्ट राहिलीच, आणि तीच सासूबाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. आडव्या तारा म्हणजे शिडी. धाकटीनं रेलिंग पूर्ण झालं त्याच संध्याकाळी तिसऱ्या तारेवर पाय ठेवून कडुनिंबावरचा पोपट पाहिला. मी पोटातून हलले. हँडरेल आतल्या बाजूला चार इंच पुढे काढून पाहिला, खुर्च्या-कुंड्या रेलिंगपासून हलवल्या, दटावलं, सगळं केलं. शेवटी गॅलरीच्या आतून अडीच फुटांपर्यंत पारदर्शक अॅक्रिलिकचे पत्रे बांधले, ती मोठी होईपर्यंत. म्हणजे काच नको म्हणून केबल आणली आणि केबलला काचेचा भाऊ लावला. तो पुसायचा आठवड्यातून दोनदा, आणि पुसते मीच. नवऱ्यानं यावर एकदाच तोंड उघडलं, नंतर नाही. जिन्याला पत्रे नाहीत. तिथे घसरून पडलीच तर दोन पायऱ्या, अकरा फूट नाहीत. लहान मूल असलेल्या कुणी विचारलं तर मी गॅलरीला उभे गजच सांगते. सासूबाईंसमोर सांगत नाही.

अंबाझरीकडून कधीमधी येणारी वानरं हँडरेलवरून पळतात, तारांवर बसत नाहीत. बहुधा चटका बसत असावा. सासूबाई मात्र दिवाळीत आकाशकंदिलाची वायर तारांवर गुंडाळून टाकतात आणि हिवाळ्यात पायमोजे. चिमटे लागत नाहीत, दोन तारांमध्ये खोचले की झालं, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या नवतप्यात दुपारी चारला डबा घेऊन गॅलरीत गेले. पत्र्यांच्या वरच्या भागातल्या तारांमध्ये एकेका फटीत दाबून पाहिला. कुठेच शिरला नाही. फक्त वरून तिसऱ्या फटीत काठापर्यंत गेला आणि तिथे अडला, जोर लावला असता तर कदाचित गेलाही असता. दहा नंबरचा पान्हा कूलरवरच ठेवलेला होता, हात तिकडे गेला. मग डबा परत मसाल्याच्या खणात ठेवला आणि त्या तारेपुढे कॅलेंडरवर लिहिलं: ‘नोव्हेंबर, संध्याकाळी’.